अपेंडिक्सची एवढी लांब चीर

माझ्या हातून झालेलं सर्वांत नेटकं ऑपरेशन आज जगात कोणी करत नाही. करायची गरजच उरलेली नाही. रायपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा" अशी फर्माईश आली तेव्हा मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसले आणि गंमत एकही सुचेना. हे ऑपरेशन मात्र डोळ्यांसमोरून हलेना. तेव्हा गंमत हवी असेल त्यांनी खुशाल पानं उलटावीत, पुढे पाककृती आहेत असं ऐकते.

मी सर्जन. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं आणि रायपूरचंच झालं. मी नागपूरला शिकले, परत आले, इथल्या सरकारी इस्पितळात बरीच वर्षं नोकरी केली आणि नंतर पंडरीत, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत, स्वतःचं छोटं नर्सिंग होम काढलं. बाई आणि सर्जन हे गणित लोकांना जमत नसे. बाई म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर, हे पक्कं. साधं गळू कापायचं असलं तरी लोक आत डोकावून विचारायचे, "डॉक्टरसाब कब आएँगे?" मी म्हणायची, आले आहेत, बसा. मग ते बसायचे, पण माझ्या मागच्या दाराकडे बघत.

तर ते ऑपरेशन. हॉजकिन्स नावाचा गाठींचा कॅन्सर असतो. बहुतेकदा तरुण माणसाला होतो. मानेला एक गाठ येते, ती दुखत नाही, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. मग संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे टीबी, असं धरून औषधं सुरू होतात आणि महिने निघून जातात. पण ह्या आजाराची एक गोष्ट मला नेहमी चांगली वाटत आली. कॅन्सरबद्दल असं बोलणं विचित्र आहे, तरी खरं तेच सांगते. हा आजार सहसा उड्या मारत नाही. मानेतून काखेत, काखेतून छातीत, छातीतून मधल्या पडद्याखाली पोटात, असा शेजारच्या गाठीतून शेजारच्या गाठीत सरकतो. त्यामुळे तो कुठवर आला आहे हे नक्की कळलं तर त्याला गाठता येतं.

सगळं घोडं तिथेच अडायचं. पोटात उतरलाय का, हे कळणार कसं? छातीचा एक्स-रे काढता येई. पोटातलं दाखवणारी भरवशाची मशीन नव्हती. आजार छातीच्या वरच असेल तर तेवढ्याच भागाला कोबाल्टच्या किरणांचा शेक, ज्याला इथले पेशंट सिकाई म्हणतात, तो दिला की माणूस बरा होई. खाली उतरला असेल तर वर दिलेली सगळी सिकाई फुकट. आणि सरसकट सगळ्यांना कडक औषधं द्यावीत तर ती तेव्हा अशी होती की तरुण पोरापोरींना पुढे मूलबाळ होण्याची आशा सोडावी लागे.

म्हणून पोट उघडायचं. काही दुरुस्त करायला नाही, फक्त बघायला. छातीच्या हाडाखालून बेंबीच्या पुष्कळ खालपर्यंत सरळ चीर. प्लीहा, म्हणजे आपण इथे जिला तिल्ली म्हणतो ती, अख्खी काढायची. यकृताचे दोन्ही बाजूंनी तुकडे घ्यायचे. पाठीच्या कण्याच्या पुढच्या गाठी एकेक करून शोधायच्या. जिथून गाठ काढली तिथे धातूची बारीक क्लिप लावायची, म्हणजे नंतर एक्स-रेत ती जागा दिसते आणि सिकाई देणाऱ्याचा नेम चुकत नाही. बाई असेल तर आणखी एक काम. दोन्ही अंडाशय त्यांच्या जागेवरून सोडवून मध्यभागी आणायचे आणि गर्भाशयाच्या मागे टाके घालून बसवायचे, म्हणजे सिकाईच्या वेळी वर शिशाचा ठोकळा ठेवून ते झाकता येतात. हे सगळं करून पोट शिवायचं आणि पॅथॉलॉजिस्टची वाट बघायची.

नातेवाईक विचारायचे, "निकल गया न मैडम?" ऑपरेशन म्हणजे काहीतरी वाईट निघालं पाहिजे, ही लोकांची समजूत. काही निघालं नाही, आम्ही बघून आलो, असं सांगितलं की चेहरे पडायचे. एवढं कापून नुसतं बघून आलात, असा तो चेहरा असे. मी त्यांना म्हणायची, विहिरीत उतरल्याशिवाय पाणी किती हे कळत नाही. कोणाला पटे, कोणाला नाही.

वंदना सरकारी इस्पितळात माझ्याकडे आली ती अशाच मानेच्या गाठीसाठी. छत्तीसगड राज्य होण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. कॉलेजात होती. वडील रेल्वेत गार्ड, मूळचे वर्ध्याकडचे, आई लहानपणीच गेलेली. टीबीची औषधं संपवून, तरी गाठ जाईना म्हणून आले होते. मी गाठ काढून तपासायला पाठवली आणि ते नाव आलं. वडिलांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोट्टी वाचन काय, बाई?" मी म्हटलं, कुठवर आहे ते पाहू द्या, मग सांगते.

ऑपरेशन छान झालं. छान हा शब्द मी जपून वापरते. तिल्ली हाताला मऊ, गुळगुळीत, अगदी निरोगी लागली. मला वाटलं, पोट साफ आहे, पोरगी सुटली. पण पॅथॉलॉजिस्टनं ती पातळ पातळ काप करून पाहिली आणि शेवटच्या कापांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका सापडला. तो दाणा बोटांना लागला नसता, एक्स-रेत दिसला नसता. त्या दाण्यामुळे नागपूरला तिला वरही सिकाई मिळाली आणि खालीही. अंडाशय मी हलवून ठेवलेच होते. दाणा सापडला नसता तर काही महिन्यांत ती पोटात गाठी घेऊन परत आली असती. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

तिल्ली काढण्याची किंमत असते. तिल्ली रक्तातले काही जंतू गाळते. ती नसली की एखादा साधा जंतू काही तासांत सगळं रक्त ताब्यात घेऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सकाळी तापतो आणि संध्याकाळपर्यंत जातो. ह्यावरची लस तेव्हा आपल्याकडे मिळत नसे. म्हणून मी बाप-लेकीला समोर बसवून सांगितलं, आयुष्यभर, केव्हाही ताप आला, थंडी वाजली, की थांबायचं नाही. ज्या डॉक्टरकडे जाल त्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं की तिल्ली नाही, आणि अँटिबायोटिकची सुई आधी घ्यायची. वडिलांनी मान हलवली. मग म्हणाले, "बाई, पुढंमागं पोट्टीचं लगन पाहावं लागन. पोटावर एवढी निशाणी. अपेंडिक्स झालं होतं म्हणू काय?"

मी म्हटलं, अपेंडिक्सची चीर इथे खाली, बोटभर असते. ही अपेंडिक्सची कोण मानेल?

"सासू काय डॉक्टर राहते काय?" ते म्हणाले.

आणि झालंही तसंच. लग्न ठरलं, स्थळ चांगलं, मुलगा प्रकाश, सिंचन खात्यात. वंदनाला स्वतःला नोकरी लागलेली, सचिवालयात, भोपाळला. सासूनं पहिल्याच दिवाळीला ती चीर पाहिली आणि विचारलं, "कोण्या कसायानं कापलं व तुले? अपेंडिक्सले एवढी चीर?" वंदनानं माझं नाव सांगितलं. आता ह्या सासूबाईंचं माहेर, सासर, सगळा गोतावळा रायपूरचा. लवकरच ब्राह्मणपाऱ्यातल्या हळदीकुंकवात माझ्या कानावर आलं की पंडरीच्या डॉक्टरीणबाईंचा हात फार मोठा आहे, अपेंडिक्सला अख्खं पोट फाडतात. माझ्या सर्वांत सुंदर ऑपरेशनचं हे सर्टिफिकेट. मी कपाळाला कुंकू लावून घेतलं, डाळ खाल्ली आणि गप्प बसले. गुपित वंदनाचं होतं, ते उघडायचा मला अधिकार नव्हता.

मग तिला मुलगी झाल्याचं कळलं. पोटावर एवढी सिकाई घेऊनसुद्धा मुलगी. त्या दिवशी मी दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही.

पुढे राज्य वेगळं झालं. रायपूर रातोरात राजधानी झालं आणि राजधानीला मावेल अशी जागा गावात कुठे होती? आमच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरवलं. मी नर्सिंग होमच्या परवान्याच्या कामाला तिथे गेले, तर पायांना वाट पाठ. जिथे मी ऑपरेशनआधी हात धूत असे तिथे पाण्याचा कूलर होता, भिंतीवर जुन्या बेसिनची जागा अजून ओळखू येत होती. थिएटरला आता लाकडी पार्टिशन टाकून दोन साहेब बसवले होते. बाहेर व्हरांड्यात टेबलं लावलेली. त्यातल्या एका टेबलामागून एक बाई उठून उभी राहिली.

"मॅडम, मी वंदना. ओळखलं काय?" मग आवाज उतरवून, पार्टिशनकडे बोट दाखवून म्हणाली, "थ्याच खोलीत तुम्ही माझं पोट उघडलं होतं. मी आता रोज बाहेर बसून फायली करतो."

राज्यं वाटली गेली तशी माणसंही वाटली गेली होती. भोपाळ सुटून ती रायपूरच्या वाट्याला आली होती. नवऱ्याचीही बदली इकडेच झालेली. तेलीबांध्याला नवं घर. मुलगी ऋचा आठवीत. तब्येत उत्तम. मी तिला पाहतच राहिले. ती तशी उभी असलेली पाहून इतका आनंद झाला की परवान्याचं कामच विसरले.

मग माझ्यातली डॉक्टर जागी झाली. म्हटलं, आता ती लस मिळते, ये, देऊन टाकते.

तिचा चेहरा बदलला. "ह्यायले काय सांगू? कशाची लस म्हणतील."

"खरं सांग."

"एवढ्या वर्षांनी? सासूबाई गेल्या, पण हे आहेत ना. फसवलं म्हणतील, मॅडम."

मी रागावले. मला राग पटकन येतो आणि तो लपत नाही. म्हटलं, "हे बघ, ताप सांगून येत नाही. तेव्हा तुझं तोंड बंद असलं तं कोण सांगन डॉक्टरले? निदान घरातल्या एका माणसाले तरी सांग. अन् माझा फोन नंबर देऊन ठेव."

"पाहतो," ती म्हणाली, आणि साहेबांची घंटी वाजली म्हणून आत गेली. लस घ्यायला ती आली नाही. मी दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा "हव, येतो" असं उत्तर आलं.

त्याच सुमारास शंकर नगरला एक तरुण कॅन्सरतज्ज्ञ आला होता, निखिल नावाचा. मुंबईला शिकलेला, हुशार, माझ्याशी फार आदरानं वागणारा. एकदा गप्पांत मी त्याला त्या ऑपरेशनबद्दल सांगत होते, ज्वारीचा दाणा वगैरे, जरा रंगवूनच. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, अब ये कोई नहीं करता. सीटी हो जाता है, और दवा तो हम सबको देते ही हैं. कहीं छुपा भी हो तो दवा पहुँच जाती है." मग हलकेच पुढे म्हणाला की औषधं आता सौम्य झाली आहेत, आणि मागे वळून बघितलं तर ऑपरेशन केलेले आणि न केलेले पेशंट सारखेच जगले असं दिसतं. तिल्ली काढल्याचा त्रास तेवढा जास्तीचा.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या माणसानं चहा पिताना सांगणं वेगळं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. त्या वेळी जे हातात होतं त्यात ते ऑपरेशन बरोबर होतं, ह्याबद्दल मला आजही शंका नाही. पण "बरोबर होतं" असं म्हणताना त्यातल्या "होतं"वर जीभ अडखळते, एवढं खरं.

पावसाळा संपता संपता, एका रविवारी दुपारी, जेवून मी आडवी होणार तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक मुलगी. शब्द पाठ केल्यासारखे स्पष्ट.

"आंटी, मेरी मम्मी को तिल्ली नहीं है. बुख़ार आए तो सुई पहले, बाक़ी सब बाद में."

मी उठून बसले. "बेटा, तू वंदना की बेटी है? ऋचा? मम्मी को बुख़ार कब से है?"

"सुबह से. बहुत ठंड लग रही थी. डॉक्टर अंकल आए थे, बोले वायरल है. अब मम्मी ठीक से बोल नहीं रही. मम्मी ने बोला था ऐसा हो तो आपको ये बोलना है."

काय झालं होतं ते नंतर जुळवलं. आपल्या ह्या मुलखात ताप म्हटलं की मलेरिया, आणि मलेरिया म्हटलं की डॉक्टरचा हात आधी डाव्या बरगडीखाली जातो. तिल्ली वाढलेली लागली की मलेरिया. इथला प्रत्येक डॉक्टर ते करतो, मीही करते. शेजारच्या डॉक्टरांनी केलं. बाईमाणूस म्हणून साडीच्या वरूनच पोट चाचपलं, चीर त्यांना दिसलीच नाही. तिल्ली हाताला लागली नाही. "तिल्ली बिल्कुल नहीं बढ़ी है, मलेरिया नहीं है, वायरल है," असं म्हणून तापाची गोळी देऊन ते गेले. नसलेली तिल्ली वाढणार कुठून? वंदना तेव्हा पूर्ण शुद्धीवर होती. एक वाक्य बोलायचं होतं. पण पलंगाच्या पायथ्याशी नवरा उभा होता, आणि ती बोलली नाही.

मी ऋचाला म्हटलं, "पप्पा को फ़ोन दे."

"हॅलो, कोण बोलून राहिलं?"

मी नाव सांगितलं. अपेंडिक्सवाली डॉक्टरीण, हे प्रकाशरावांना आठवलं असणार. आवाज थंड झाला. "डॉक्टर येऊन गेले, मॅडम. वायरल आहे म्हणे. आराम करून राहिली ती."

"तिच्या अंगावर जांभळे डाग आले काय? हातापायांवर पाहा."

पावलांचा आवाज गेला आणि परत आला. "हव," ते म्हणाले. थंडपणा संपला होता. "बोटं काळी पडल्यासारखी दिसून राहिली."

"तुमच्या बायकोले तिल्ली नाही. मीच काढली होती. गाडीत घाला अन् निघा, मोठ्या दवाखान्यात या, मी दारात उभी राहतो. काहून नाही, ते मग सांगीन."

गुपित वंदनाचं होतं. पण तिनं ते एका माणसाला सोपवलं होतं आणि त्या माणसानं ते मला फोनवर सांगितलं होतं. मी फक्त पुढे पोचवलं, असं मी स्वतःला सांगते.

निघण्याआधी निखिलला फोन केला. तो माझ्याआधी पोचला होता. अपघात विभागाच्या दारात सुई भरून तयार, सलाईन टांगलेलं. वंदनाला गाडीतून उतरवली तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. स्ट्रेचरवरच शीर शोधली आणि सुई आत गेली. त्यानंतर जे काय करायचं ते बाकी सगळं नंतर केलं, अगदी त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे.

व्हरांड्यात प्रकाशराव बाकावर बसले होते. ऋचा त्यांच्या खांद्याला टेकून झोपल्यासारखी. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मानेची गाठ, आजाराचं नाव, पोट का उघडलं, तिल्ली का काढली, चीर एवढी लांब का. अंडाशय हलवल्याचंही सांगितलं. त्यांनी एकदा ऋचाकडे पाहिलं.

मग म्हणाले, "ते ऑपरेशन आता करतात काय?"

"नाही. आता गरज नाही पडत."

"म्हणजे हा रोग आज झाला असता तं तिल्ली राहिली असती."

"हो."

"अन् आज हे झालं नसतं."

"नसतं झालं." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पण तेव्हा केलं नसतं तर त्या पोटातल्या दाण्याचं कळलं नसतं. आणि नुसती औषधं दिली असती तर ही," मी ऋचाकडे पाहिलं, "बहुधा झाली नसती."

मला वाटलं, आता फसवलं म्हणतील. माझ्यावर, तिच्या वडिलांवर, तिच्यावर, कोणावर तरी चिडतील. मी तयार होते.

"आई जिंदगीभर तुम्हाले कसाई म्हणत गेली," ते म्हणाले. "मीही म्हटलं असन एखादवेळा." मग, "मले सांगितलं काहून नाही तिनं? मी काय नाही म्हटलं असतं लग्नाले?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"म्हटलं असतं, मॅडम. तेव्हा म्हटलंच असतं. खोटं काहून बोलू."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर खूप लोक रडले. पण हे वाक्य जितकं लागलं तितकं कुणाचं रडणं लागलं नाही. त्या एका वाक्यात वंदनाच्या गप्प बसण्याला क्षमा होती, आणि वंदना आतल्या खोलीत मशीनला जोडलेली, तिला ती ऐकू जात नव्हती.

ती वाचली. ह्यात माझी कर्तबगारी किती, निखिलची किती आणि नशीब किती, ह्याची वाटणी मी करत नाही. असे बरेच पेशंट वाचत नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं आणि पायाची काही बोटं मात्र गेली. ती मीच काढली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "ह्यायले कोणं सांगितलं?"

"ऋचानं."

तिनं डोळे मिटले. मंत्रालयात मी रागावले, त्यानंतरच्या रविवारपासून ती मुलीच्या केसांना तेल लावताना ते वाक्य तिच्याकडून म्हणवून घेत होती. का ते सांगितलं नव्हतं. मराठीत म्हणायला लावलं तर पोरगी लाजते, म्हणून हिंदीत. "म्या नवऱ्याले नाही सांगू शकली, मॅडम," ती म्हणाली. "पोट्टीले पाठ करून देलं. तेवढंच जमलं."

निखिल रोज येऊन बघून जाई. एकदा तो तिच्या पोटावरची चीर नीट पाहत होता. म्हणाला, "मैडम, किताब में पढ़ा था. देखा पहली बार." मग म्हणाला, "बहुत साफ़ है." बहुधा ह्या गावात त्या चिरेला चांगलं म्हणणारा तो पहिलाच माणूस. मी नुसतं हं म्हटलं.

पुढच्या गणपतीत मंडळात महाप्रसादाची पंगत होती. राजधानी झाल्यापासून पंगतीत नवे चेहरे फार, कोण कुठल्या खात्यातून आलेला, कोण नागपूरहून बदलून आलेला. मी भिंतीपाशी बसले होते. समोरच्या रांगेत वंदना, डावा हात पदराखाली घेऊन. प्रकाशराव वाढायला होते. मठ्ठ्याचं भांडं हातात घेऊन एका नव्या जोडप्यापाशी थांबले, ओळख करून द्यायला.

"ही माझी मिसेस, वंदना. मंत्रालयात आहे. हिले तिल्ली नाही."

त्या जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं. प्रकाशरावांना त्याचं काही नव्हतं. "तरुणपणी कॅन्सर झाला होता, तेव्हा काढली. तुम्ही तेलीबांध्यालेच राहता ना? मी गावात नसलो, अन् हिले ताप आला तं ध्यानात ठेवा. सुई पहिले, बाकी सब बाद में."

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ह्यायले आता चूप बसवा तुम्ही," ती म्हणाली. "दूधवाल्याले सांगून झालं, ऑटोवाल्याले सांगून झालं. पाहावं त्याले सांगत सुटतात."

प्रकाशराव मठ्ठा वाढत माझ्यापर्यंत आले. पेला भरला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या, पूर्वी कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, "आजी, ह्या आमच्या डॉक्टर. पोटावर चीर लांब देतात. देतात, कारण आत पाहायले लय असते."

म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे जरा घाबरूनच पाहिलं. मी मठ्ठा प्यायले. मग पदराखालचा तो डावा हात बाहेर आला, आणि वंदनानं सगळ्यांसमोर नवऱ्याला आणखी मठ्ठा मागितला.